वांगं निर्दोष आहे, टिकली तपासा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या गुरुवारच्या आरोग्य पुरवणीत अंगाच्या खाजेवर अर्धं पान लेख आला होता, तो मी दोनदा वाचला. दोनदा अशासाठी की पहिल्यांदा वाटलं आपलंच काहीतरी वाचायचं राहिलं. वांगं बंद करा, अंडं बंद करा, शेंगदाणे, लोणचं, दही, आंबवलेलं सगळं बंद करा, रक्त शुद्ध ठेवा, मन शांत ठेवा. पण अंगाला बाहेरून काय लागतं याबद्दल एक ओळ नाही. टिकली नाही, हेअर डाय नाही, कानातलं नाही, चपलेचा पट्टा नाही, गाजर गवत तर नाहीच नाही आणि तेही आपल्या सातारा-पुण्याकडच्या पेपरात, म्हणून हे पत्र. लांबलंय, कापलंत तरी चालेल पण पॅच टेस्टचा, म्हणजे कातडीला बाहेरून काय बाधतं ते शोधायच्या तपासणीचा, भाग तेवढा कापू नका.

मी रिटायर्ड प्राथमिक शिक्षिका, राहणार वाई. साडेचार वर्षांपूर्वी कपाळावर टिकलीच्या जागी खाज सुटायला लागली. आधी नुसती चुणचुण, मग लाल गोल, मग त्या गोलावर बारीक पुटकुळ्या आणि खपली. टिकली बरोब्बर जेवढी तेवढाच गोल हो, कंपासने काढल्यासारखा. आता मागे वळून बघितलं की माझं मलाच हसू येतं, पुरावा कपाळावर चिकटवून गावभर फिरत होते आणि एकाच्याही डोक्यात आलं नाही, माझ्याही नाही. कारण मी चाळीस वर्षं टिकली लावतेय, मग आत्ताच कशी काय बाधेल, हा माझा प्रश्न आणि प्रत्येकाचा तोच.

तर सुरुवात वांग्यापासून झाली. मग शेंगदाणे गेले, म्हणजे आमच्याकडे स्वयंपाकच गेला म्हणा, कूट नाही तर भाजीला चव कुठून येणार. आठ महिने मी दुधी आणि पडवळ खाल्लं. मग कोणीतरी सांगितलं रक्ताची टेस्ट करून घ्या, तर एका लॅबमध्ये सहा हजार रुपये भरून पदार्थांची लांबलचक यादी हातात आली, त्यात मला म्हणे केळं आणि राजमा चालत नाही. राजमा मी उभ्या आयुष्यात तीन वेळा खाल्ला असेल! मेडिकलवाल्याने एक ट्यूब दिली, ती लावली की दोन दिवसांत जादू, बंद केली की चौथ्या दिवशी परत. ती स्टेरॉइडची होती हे नंतर कळलं. अशा ट्यूब चिठ्ठीशिवाय विकू नयेत म्हणून २०१८ मध्ये नियम कडक झालाय, पण आमच्या इथे ती पेपरमिंटच्या गोळीसारखी मिळते.

आणि मग खरा घोटाळा झाला. खाज थोडी कमी झाली पण तिथे पांढरा डाग पडला. ज्यांच्या घरी असं झालंय त्यांनाच कळेल पुढे काय होतं ते. शेजारपाजारच्या बायका बोलताना डोळ्यात बघत नाहीत, कपाळाकडे बघतात. "कोड का हो?" असं एकीने सरळ विचारलं, बाकीच्यांनी विचारलं नाही तेच जास्त लागलं. डाग झाकायला मी आणखी मोठी टिकली लावायला लागले. म्हणजे आगीवर तूपच की!

शेवटी भाचीने पुण्याला त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी काय खाता विचारलंच नाही, काय लावता ते विचारलं. साबण कुठला, तेल कुठलं, कानात काय, ब्लाउजला पिन लावता का, भांडी कोण घासतं, घरात शेती आहे का. अर्धा तास. आणि मग म्हणाले पॅच टेस्ट करू, पण आत्ता मे महिना आहे, घामाने पट्ट्या सुटतील, थंडीत या.

ही पॅच टेस्ट म्हणजे काय ते जरा नीट सांगते कारण मी ज्याला ज्याला विचारलं त्याला वाटत होतं की ती सुई टोचायची टेस्ट. नाही. याडासोन नावाच्या जर्मन डॉक्टरांनी १८९५ मध्ये ही पद्धत मांडली आणि मूळ कल्पना आजही तीच आहे. ज्या गोष्टींचा संशय असतो त्या अगदी थोड्या प्रमाणात, बहुतेक व्हॅसलीनसारख्या मलमात कालवून, नखाएवढ्या अ‍ॅल्युमिनियमच्या वाट्यांमध्ये भरतात आणि चिकटपट्टीने पाठीवर लावतात. ४८ तास ती पाठ भिजवायची नाही, खाजवायची नाही, वजन उचलायचं नाही. मग पट्ट्या काढून बघतात आणि एक-दोन दिवसांनी परत बघतात, कारण काही गोष्टी उशिराच उठतात. भारतासाठी वेगळा ठरवलेला संच आहे, त्यात निकेल, सिमेंटमधलं क्रोमेट, हेअर डायमधलं पीपीडी, सुगंधी द्रव्यं, रबरातली रसायनं, काही मलमांमधली औषधं आणि आपलं गाजर गवतसुद्धा आहे. डॉक्टरांनी पेनाने पाठीवर आकडे घातले होते, घरी आल्यावर आमचे हे म्हणाले, "पस्तीस वर्षं फळ्यावर आकडे लिहिलेस, आता फळा तुझाच झाला." दोन दिवस मी पालथी झोपले. तिसऱ्या दिवशी दोन ठिकाणी असं काही लाल टरारलं होतं की विचारू नका, बाकी पाठ स्वच्छ.

एक होतं निकेल. आणि दुसरं एक राळेसारखं रसायन, नाव लांबलचक आहे पण लिहितेच, पॅरा टर्शरी ब्यूटिल फिनॉल फॉर्माल्डिहाइड रेझिन. टिकलीच्या मागचा जो गम असतो ना त्यात हे असू शकतं. आणि त्यातलं जे सुटं पॅरा टर्शरी ब्यूटिल फिनॉल असतं ते कातडीला रंग देणाऱ्या पेशींनाच मारतं, म्हणून डाग पांढरा. हे काही काल-परवा कळलेलं नाही बरं का, अलाहाबादच्या डॉ. बजाज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टिकलीच्या गममधल्या याच रसायनामुळे डाग पडतात हे १९९० मध्येच छापून ठेवलंय. म्हणजे माझी नोकरी अर्धीसुद्धा झाली नव्हती तेव्हापासून माहिती होतं आणि मी २०२० नंतर दुधी खात बसले होते.

आता "चाळीस वर्षं चाललं मग आत्ता कसं" याचं उत्तर. पुरवणीतल्या लेखात दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी झालीय. एक असतं पित्त उठणं, काहीतरी खाल्लं किंवा गोळी घेतली की अर्ध्या तासात अंगभर गांधी येतात आणि काही तासांत जातात. त्यात खाण्याचा संबंध असू शकतो. दुसरी ही स्पर्शाची अ‍ॅलर्जी, तिचा कारभारच निराळा. रसायनाचा अगदी छोटा कण कातडीत शिरतो, कातडीतल्या प्रथिनाला चिकटतो आणि शरीरातल्या ठरावीक पांढऱ्या पेशी त्याला शत्रू म्हणून लक्षात ठेवतात. हे लक्षात ठेवणं दोन आठवड्यांत होईल नाहीतर वीस वर्षं वापरल्यावर होईल, कधी होईल ते सांगता येत नाही. पण एकदा झालं की झालं. पुढे जेव्हा जेव्हा ती वस्तू लागेल तेव्हा एक ते तीन दिवसांनी खाज, म्हणून तर चोर सापडत नाही, सोमवारी लावलेलं बुधवारी उठतं आणि आपण बुधवारच्या डब्याला शिव्या देतो. रक्ताच्या त्या महागड्या यादीत हे दिसतच नाही कारण ती टेस्ट पूर्णपणे वेगळ्या गोष्टीची असते.

निकेलचं मला आधीच कळायला हवं होतं. चौथीत असताना जत्रेतले कानातले घातले तर कान आठवडाभर चिघळले होते, आई म्हणाली तुला खोटं चालत नाही, सोनंच लागतं. घरोघरी असं म्हणतात ना, "हिला खोटं चालत नाही", ते म्हणजे निकेलच. इमिटेशन दागिने, घड्याळाचा पट्टा, जीन्सचं बटण (बेंबीखाली गोल चट्टा असला की तेच), आणि आपल्या बायकांची ती सेफ्टीपिन, बांगडीत अडकवलेली, मंगळसूत्राला लटकवलेली, ब्लाउजला आतून लावलेली. २०१९ मध्ये एक मोठा आढावा निघाला होता, वेगवेगळ्या देशांतल्या २८ अभ्यासांमधून वीस हजारांवर साध्या लोकांच्या, म्हणजे दवाखान्यात आलेल्या नव्हे, पॅच टेस्ट एकत्र केल्या होत्या, तर साधारण २० टक्के लोकांना कसली ना कसली स्पर्शाची अ‍ॅलर्जी निघाली आणि त्यात पहिला नंबर निकेलचा, ११ टक्क्यांवर. बायकांमध्ये एकूण प्रमाण पुरुषांच्या दुप्पट. डेन्मार्कने १९९० च्या सुमारास दागिन्यांतून सुटणाऱ्या निकेलवर बंधन घातलं, नंतर सगळ्या युरोपने घातलं आणि तिथल्या तरुण मुलींमधलं प्रमाण खाली आलं. म्हणजे कायद्याने खाज कमी होते, हे मला फार आवडलं.

माझ्या मोठ्या भावाचं याहून वाईट. दादा कोरेगाव तालुक्यात शेती करतो. दरवर्षी पावसाळ्यात त्याचं तोंड, मान, कोपराचा आतला भाग काळानिळा पडून जाड व्हायचा, सुकटासारखा. ऊन लागतं म्हणून तो पावसाळ्यात टोपी घालून फिरायचा, लोक हसायचे. माझी टेस्ट झाल्यावर मी त्याला ओढत नेलं. डॉक्टरांनी त्याच्या पापण्या बघितल्या, हनुवटी वर करून खाली बघितलं, कान पुढे ओढून मागे बघितलं आणि म्हणाले, "इथे ऊन कधी पडतं का?" नाही पडत. उन्हाची अ‍ॅलर्जी असती तर या सावलीतल्या जागा कोऱ्या राहिल्या असत्या. हे हवेतून आलेलं आहे. गाजर गवत. त्याच्या वाळलेल्या पानांचा, फुलांचा भुगा धुळीसारखा उडतो आणि बरोब्बर अशा खाचाखोचांत जाऊन बसतो. त्याला हात लावायचीही गरज नाही, बांधावरून नुसतं चालत गेलं तरी पुरतं.

आणि हे गवत तर आपलं घरचं प्रकरण. १९५० च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा लोकांच्या नजरेत भरलं, तिथून देशभर गेलं, पांढऱ्या टोप्यांसारखी फुलं म्हणून काँग्रेस गवत हे नाव पडलं म्हणतात. त्याच्यामुळे होणाऱ्या त्वचारोगावरचा निबंधसुद्धा पुण्याच्या डॉ. लोणकरांनी दोन परदेशी डॉक्टरांबरोबर १९७४ मध्ये प्रसिद्ध केला. पन्नास वर्षं झाली. दादाला अजून वाटत होतं ऊन लागतं. मेक्सिकोहून भुंगे आणून ऐंशीच्या दशकात सोडले होते ते गवत खायला, खातात बिचारे, पण गवत त्यांच्या पुढे आहे. वहिनी आता स्वतः घराभोवतीचं गवत फुलावर यायच्या आधी उपटते, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून, दादाला त्या दिवशी बहिणीकडे म्हणजे माझ्याकडे पाठवते. त्याला गोळ्या चालू आहेत, आता मान वळवता येते.

हे सगळं कळल्यापासून मला एक वाईट सवय लागलीय, कोणाचं काय खाजतंय ते मी जागेवरून ओळखायला जाते. समोरच्या मुलीच्या पापण्या सुजलेल्या, सगळे काजळाला दोष देत होते. मी म्हटलं काजळ असेलही पण नेलपॉलिश थांबवून बघ. नखाजवळची कातडी जाड, तिथे काही होत नाही पण दिवसभर बोटं डोळ्याला, मानेला लागतात आणि पापणीची कातडी सगळ्यात पातळ. थांबवलं, तीन आठवड्यांत साफ. गवंडी आला होता बाथरूमचं काम करायला, त्याच्या हातांना भेगा आणि बोटांच्या मध्ये ओलं. तो म्हणे, "मॅडम, सिमेंट खातंच हाताला, त्यात काय." खातं हे खरं, सिमेंट क्षारी असतंच पण त्यातल्या क्रोमेटची अ‍ॅलर्जी बसली की मग चामड्याचा बूटही चालत नाही कारण बरंचसं चामडं क्रोमने कमावलेलं असतं. हे क्रोमेट निकामी करायला डेन्मार्कने १९८३ पासून सिमेंटमध्ये फेरस सल्फेट घालायला लावलं, युरोपने २००५ पासून क्रोमेटवर मर्यादा घातली. आमच्या बाथरूमच्या कामाच्या गोणीवर मी चष्मा लावून शोधलं, मला तरी त्याबद्दल काही दिसलं नाही. (खरी झाडाच्या सालीत कमावलेली कोल्हापुरी असेल तर अशा माणसाला ती चालू शकते, पण खरी मिळणं हे वेगळंच संशोधन आहे.)

आमच्या ह्यांचाही नंबर लागला. साठीनंतर डाय लावायची हौस आली, चौथ्या वेळेला कानामागे पाणी सुटलं आणि डोळे असे बंद झाले की शर्टची बटणं मी लावून दिली. पीपीडी. त्यातून बाहेर आल्यावर म्हणे मग मी काळी मेंदी लावतो, ती नॅचरल. मेंदी काळी नसते हो! मेंदीचा रंग तांबूस, केशरी, तपकिरी. काळी म्हटलं की त्यात बरेचदा हेच पीपीडी मिसळलेलं असतं आणि लग्नसराईत पोरींच्या हातावर तीच काढतात, फोड येतात ते डिझाइनच्या रेषेबरहुकूम. डायच्या पाकिटावर ४८ तास आधी थोडं लावून बघा असं लिहिलेलं असतं ते कोणी वाचतं का, आमच्याकडे तर लग्नाला निघायच्या आदल्या रात्री डाय कालवतात. आणि ज्याला एकदा असं झालंय त्याने तर घरी लावूनसुद्धा बघू नये.

जुन्या लोकांना यातलं कळत नव्हतं असंही नाही. आजी बिब्बा फोडायची तेव्हा आम्हाला लांब बसवायची, "बिब्बा उतेल" म्हणायची. तो उततो म्हणजे हेच. दुसऱ्या महायुद्धात आपल्याकडे आलेल्या अमेरिकन सैनिकांच्या मानेला, मनगटाला खाजरे चट्टे यायला लागले, शोध घेतला तर धोब्याने कपड्यावर बिब्ब्याच्या रसाने खूण केलेली, बरोब्बर तिथेच चट्टा. १९४३ मध्ये त्यांच्या डॉक्टरांनी ते छापलं. आंब्याचा चीक, काजूच्या टरफलाचं तेल, बिब्बा, ही सगळी एका कुळातली. पुतण्या न्यू जर्सीला असतो, तिथे पार्कात कुठल्याशा वेलीला हात लागून कोपरापर्यंत फोड आले, ती पॉयझन आयव्हीसुद्धा याच कुळातली. आता तो आंबा सोलून खात नाही, बायकोला सोलायला लावतो. निमित्त बरं मिळालं.

माझं पुढे काय झालं ते सांगते. टिकली बंद झाल्यावर खाज महिन्यात गेली. डाग निम्मा भरला, निम्मा आहे. ते रसायन टाळायचं, बाकी याला कायमचं औषध नाही, शरीर विसरत नाही. पण टिकली टाळणं म्हणजे काय हे डॉक्टरांना नाही कळत. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी मोकळ्या कपाळाने गेले तर यजमानीणबाई वाण द्यायला आल्या आणि हात तिथेच थांबला, ह्यांना काही झालं की काय असा चेहरा. मग मीच म्हटलं, अहो, हे घरी क्रिकेट बघतायत. त्यांनी कुंकवाचं बोट पुढे केलं तर मला ते कुंकू कसलं आहे तेही माहीत नाही, हळद-चुन्याचं की दुकानातल्या रंगाचं, कारण स्वस्त कुंकवातल्या रंगांनीही असे चट्टे येतात. मी हळद लावून घेतली. आता घरचं हळदीचं कुंकू डबीत घालून पर्समध्ये ठेवते, कोणी बोट पुढे केलं की आधी माझी डबी पुढे करते. बायका हसतात. दोघी मात्र मागाहून हळूच येऊन विचारून गेल्या, एकीने टिकली काढून दाखवली, खाली लाल गोल.

तर संपादक महोदय, दोन गोष्टी करा. एक, जिल्ह्यात आणि जवळपास पॅच टेस्ट कुठे होते, कोणत्या वारी होते, किती पैसे पडतात, त्याच्या आधी कुठली औषधं थांबवावी लागतात (स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर टेस्ट खोटी येऊ शकते) हे तुमच्या बातमीदाराला फिरवून छापा, सरकारी मेडिकल कॉलेजांपासून सुरुवात करा. दोन, टिकली बनवणाऱ्यांना विचारा की गममध्ये काय आहे. सोबत मी एक पाकीट जोडलंय, नाव काळ्या पेनाने खोडलंय कारण मला कोणा एकाशी भांडायचं नाही, दुकानात बघितलेली बाकीची पाकिटंही तशीच होती. पुढच्या बाजूला नथ घातलेली बाई आहे. मागच्या बाजूला किंमत, साइज, टिकल्यांची संख्या आणि "शुभ सौभाग्य" एवढंच छापलंय. गमबद्दल काही सापडलं तर मला कळवा, मी भिंग लावूनही शोधलंय.

आपली,
एक नेहमीची वाचक, वाई, जि. सातारा